ज्यांच्या पाठीशी वकिलात होती

परंडा तालुक्याचा १९४० च्या सुमाराचा नकाशा पाहिला की एक गोष्ट चटकन लक्षात येते. पूर्वेला बार्शी, दक्षिणेला माढा, पश्चिमेला करमाळा. हे तिन्ही तालुके इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यातले आणि मधला परंडा निजामाचा. धाराशिवला, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या गावी जायचे तर सोयीची वाट बार्शीवरून, म्हणजे दुसऱ्याच्या राज्यातून. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. तिथे माल तपासला जाई, जकात भरावी लागे, आणि सहा कलदार म्हणजे इंग्रजी रुपयांचे सात हाली म्हणजे निजामी रुपये होत. मात्र बार्शीच्या बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याला ‘तू कुठल्या राज्याचा?’ असे कोणी विचारत नसे. सरहद्द मालासाठी होती, माणसांसाठी नव्हती. तीही लोकांनी आखलेली नव्हती. १८५३ साली कंपनी सरकारने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाडाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूख निजामाकडून काढून घेतला आणि सत्तावनच्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला म्हणून १८६० मध्ये तो परत केला. शेतकरी आपल्या जागीच होते. सात वर्षांत दोनदा राज्य मात्र बदलले. दुसऱ्या महायुद्धात मात्र माणसांसाठीही सरहद्दी आल्या: हिंदुस्थान सरकारने त्यांच्या येण्याजाण्यावर कधी नव्हे इतका कडक ताबा बसवला. त्यात कोणाला दार उघडायचे आणि कोणाला अडवायचे हे माणसाच्या गरजेवरून ठरले, असे पुरावा सांगत नाही. त्या माणसाच्या वतीने बोलणारे सरकार कोणते आणि त्या सरकारशी लंडनचे संबंध कसे, यावरून ते ठरले. महाराष्ट्रात याचा सर्वांत ठळक पुरावा कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात, तिथल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत आहे. परंड्यासारख्या संस्थानी सरहद्दीवरच्या गावाला तो परका वाटू नये.

या नियंत्रणाची हत्यारे जुनीच होती. पहिले महायुद्ध सुरू होताच १९१४ मध्ये परकीयांविषयीचा वटहुकूम आला आणि पाठोपाठ हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांना रोखण्याचा दुसरा. हा दुसरा वटहुकूम परकीयांइतकाच परदेशातून परतणाऱ्या हिंदी लोकांवरही चालला, हे विसरून चालणार नाही. परत पाठवल्या गेलेल्या हिंदी प्रवाशांच्या कोमागाटा मारू जहाजाचे प्रकरण त्याच वर्षीचे. १९२० मध्ये पासपोर्टचा कायदा झाला, १९३९ च्या वसंतात परकीयांच्या नोंदणीचा, युद्ध पेटल्यावर परकीयांविषयीचा वटहुकूम आणि १९४० मध्ये कायदा. पण ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानांना आपोआप लागू होत नसे. तिथे रेसिडेंटाचा सल्ला, दरबारचा हुकूम आणि सार्वभौम सत्तेचे न लिहिलेले वजन यांवर काम चाले. संस्थान आपल्या सोयीने माणसे अडवूही शके. १९३८-३९ च्या हैदराबाद सत्याग्रहात निजाम सरकारने बाहेरून येणाऱ्या सत्याग्रहींना सरहद्दीवरच पकडायला सुरुवात केली. त्या सत्याग्रहाची एक मोठी तयारी डिसेंबर १९३८ मध्ये सोलापूरला, लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या आर्य परिषदेत झाली होती. तेव्हा माणसाला वेशीवर अडवणे ही गोष्ट या टापूत युद्धाच्या आधीच येऊन पोचली होती. अण्यांचे नाव पुढे पुन्हा येईल.

युद्धाआधीच्या वर्षांत दार ठोठावणारे होते जर्मनी आणि ऑस्ट्रियातले ज्यू. मुंबईत १९३४ पासून त्यांच्यासाठी मदत संघटना काम करत होती. येणारा माणूस सरकारी तिजोरीवर भार होणार नाही याची हमी कोणीतरी द्यावी, असा सरकारचा आग्रह होता. हमी देणारा नातलग, मालक किंवा संस्था मिळाली तर व्हिसा, नाही तर नाही. जवाहरलाल नेहरूंनी १९३८ पासून, शिक्षित ज्यू निर्वासितांना इथे कामे द्यावीत, असा आग्रह धरला होता. नाझी राजवटीपासून पळून जे थोडे आले त्यांनी मुंबईला किती दिले हे सांगायला वॉल्टर कॉफमन, रुडॉल्फ फॉन लेडन, वॉल्टर लँगहॅमर ही नावे पुरेत. आकाशवाणीची ओळखधून कॉफमन यांच्या नावाने ओळखली जाते आणि मुंबईच्या नव्या चित्रकारांच्या पाठीशी लेडन व लँगहॅमर उभे राहिले. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाले तेव्हा कायद्याच्या लेखी हिटलरचा अनुयायी आणि हिटलरपासून पळालेला ज्यू, दोघेही ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. अहमदनगरच्या छावणीत दोघे एकाच तारेच्या कुंपणात आले. चौकशी समितीने पुष्कळ निर्वासितांना लवकर सोडलेही. पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर त्यांपैकी काहींची पुन्हा धरपकड झाली, आणि पुढे पुरंदर, सातारा इथल्या ठिकाणी कुटुंबांना नजरेखाली ठेवले गेले. त्यांच्यासाठी बोलणारे सरकार जगाच्या पाठीवर नव्हते. ज्या राष्ट्राने त्यांना हाकलले, कागदावर त्याच राष्ट्राचा शिक्का होता.

आता याच सरकारने १९४२-४३ मध्ये काय केले ते पाहावे. १९३९ मध्ये पोलंडची वाटणी झाली. पूर्व भाग सोव्हिएत रशियाने घेतला आणि तिथल्या लाखो लोकांना सायबेरिया, कझाकस्तानाकडे हद्दपार केले. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि कालचे शत्रू मित्र झाले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधल्या पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला, पोलिश कैदी सुटू लागले, जनरल आंदेर्स यांनी सैन्य उभारले, आणि १९४२ मध्ये ते सैन्य व त्याच्यामागे स्त्रिया-मुले कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. सुमारे १,१५,००० माणसे. त्यांत एक तृतीयांशाच्या आसपास नागरिक. इराण स्वतः अन्नटंचाईत होता. सैन्य ब्रिटिशांच्या हाताखाली लढणार होते आणि ज्याची आई, बायको, मुले तेहरानच्या तंबूत आहेत तो सैनिक कसा लढेल, हा सरळ लष्करी प्रश्न होता. त्या सैन्याने मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोचा मठ घेतला. तेव्हा या कुटुंबांची सोय हा दयेचा विषय होताच, पण त्याआधी तो दोन सरकारांमधला व्यवहार होता. मुंबईत पोलंडचे महावाणिज्यदूत एउगेनिउश बनासिन्स्की होते. त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी मुलांच्या आणि पुढे छावणीच्या कामात स्वतःला झोकून दिले. खर्चाचा हिशेब पोलिश सरकारच्या नावावर मांडला जाई आणि ते सरकार ब्रिटिश तिजोरीच्या उसनवारीवर चाले. व्हिसासाठी प्रत्येक ज्यू माणसाला जी हमी शोधत फिरावे लागले, ती इथे एका राष्ट्राने हजारोंसाठी एकदम दिली.

१९४३ च्या मध्यापासून वळिवड्याच्या माळावर छावणी भरू लागली. कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरचे हे स्टेशन, पंचगंगेच्या जवळ, हवा सौम्य, समुद्रकिनाऱ्यापासून आत. कौलारू छपराच्या, चटयांच्या भिंतींच्या लांबच लांब बराकी. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबे, प्रत्येकाला थोडी जागा आणि चुलीपुरता ओटा. सुमारे ५,००० माणसे, त्यांत पुरुष फार थोडे, कारण धडधाकट पुरुष आघाडीवर. शाळा, दवाखाना, चर्च, बालवीर पथके आणि रोजचा कारभार पाहणारे स्वतःचे पोलिश प्रशासन. क्षयाच्या रुग्णांना पाचगणीला पाठवत. आसपासच्या गावांतून भाजी, दूध, अंडी घेऊन शेतकरी येत आणि मोडक्या मराठीत सौदे होत. हे सगळे मायेने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने त्या छावणीच्या जागेकडेही पाहावे. कोल्हापूरचे राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते, गादीवर दत्तक बालराजा होता, कारभार ताराराणींच्या रीजन्सीकडे, आणि कोल्हापूर हेच दक्षिणी संस्थानांच्या रेसिडेंटाचे ठाणे. तिथे रेसिडेंटाचा शब्द सहज चाले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार सरकारला जेरीस आणत होते, बेचाळीसचे भूमिगत कार्यकर्ते धरले जात होते. अशा वेळी हजारो परकीयांना मुंबई-पुण्याच्या वस्तीत विखुरण्यापेक्षा एका संस्थानी माळावर एकत्र ठेवणे सरकारला सोयीचे. म्हणून वळिवडे म्हणजे नियंत्रण सैल केल्याचा नमुना मानणे मला पटत नाही. ते नियंत्रणच होते, फक्त त्याला शेजाऱ्याचा चेहरा लाभला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला पोलिश मुलांना बोलावले, आपल्या उन्हाळी महालाशेजारी त्यांची वसाहत उभी केली, इतर राजांकडे निधी मागितला. त्यांचे औदार्य हिशेबात बसवता येते का? बसवता येत नाही, आणि बसवण्याची गरजही नाही. ती मुले इराणातून खुष्कीच्या मार्गाने क्वेट्टामार्गे मुंबईला आली, वांद्र्याला राहिली आणि १९४२ च्या पावसाळ्यात बालाचडीला पोचली. जामसाहेबांनी केले ते त्यांच्या जागी बसलेल्या दुसऱ्या कित्येकांनी केले नसते. पण जामसाहेब तेव्हा नरेंद्रमंडळाचे चान्सलर होते, आणि त्याच वर्षी लंडनच्या युद्धमंत्रिमंडळात हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून गेले. त्यांची माणुसकी कामाला आली ती राजकीय दार आधीच किलकिले झाले होते म्हणून. तेच दार १९३८ मध्ये हमी न मिळालेल्या व्हिएन्नातल्या डॉक्टरसाठी बंद होते, आणि तेव्हाही हिंदुस्थानात उदार राजे होतेच.

दुसरा आक्षेप रंगाचा. पोलिश गोरे होते म्हणून त्यांना थारा मिळाला, असे म्हणणाऱ्यांजवळ पुरावा कमी नाही. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा सुमारे पाच लाख हिंदी लोक चालत, आजारी, उपाशी अराकान आणि मणिपूरच्या वाटांनी परतले. हजारो वाटेत मेले. युरोपियनांसाठी चांगला रस्ता, गाड्या, शिधा आणि हिंदी लोकांसाठी वेगळा, वाईट रस्ता, ही तक्रार त्याच वेळी गाजली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशातल्या हिंदी लोकांचे खाते तेव्हा बापूजी अणे यांच्याकडे होते. पंडित कुंझरू यांच्यासह ते स्वतः सरहद्दीपर्यंत गेले आणि हा भेदभाव त्यांनी पाहिला. सोलापूरच्या मंडपातून निजामाच्या वेशीविरुद्ध उभे राहिलेले अणे चार वर्षांनी दुसऱ्या वेशीवर, सरकारचे मंत्री म्हणून, आपल्याच सरकारपुढे हतबल उभे होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला. तरीही रंग हे उत्तर पुरे पडत नाही. अहमदनगरच्या तारेत अडकलेला ज्यू गोराच होता. छावणीत कसे वागवायचे, वाटेत कोणाला गाडी द्यायची, हे रंगाने ठरवले. दार उघडायचे की नाही, हे रंगाने ठरवले नाही. ब्रह्मदेशाचेच उदाहरण घ्या. १९३७ मध्ये तो हिंदुस्थानापासून वेगळा झाला, आणि जुलै १९४१ मध्ये, युद्ध चालू असताना, तिथे हिंदी मजुरांच्या येण्यावर बंधने घालणारा करार दिल्ली आणि रंगून यांच्यात झाला. वाटाघाटी करणारी दोन्ही सरकारे ब्रिटिश मुकुटाचीच. ज्यांच्याबद्दल करार झाला त्यांच्या बाजूने बोलणारे सरकार त्या टेबलावर नव्हतेच, म्हणूनच देशभर त्यावर टीका झाली. उलट ऑक्टोबर १९४३ मध्ये तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्यात, मुरगाव बंदरात, अमेरिकेने भाड्याने घेतलेले स्वीडिश ‘ग्रिप्सहोम’ आणि जपानचे ‘तेइया मारू’ ही जहाजे शेजारी लागली आणि प्रत्येक बाजूचे सुमारे दीड हजार नागरिक याद्या तपासून अदलाबदल झाले. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या शत्रूंनाही आपापली माणसे परत मिळाली, कारण दोघांमागे सरकार होते आणि मध्ये मध्यस्थ होते.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत कठोर कस मात्र पोलिशांवरच लागतो. पाठीशी उभे असलेले सरकारच गेले तर काय होते? १३ एप्रिल १९४३ रोजी जर्मनांनी कातिनच्या जंगलातल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी जाहीर केल्या. लंडनच्या पोलिश सरकारने रेडक्रॉसकडे चौकशी मागितली आणि २५ एप्रिलला स्टालिनने त्या सरकारशी संबंध तोडले. वळिवड्याची छावणी भरू लागली ती यानंतर काही महिन्यांतच. ब्रिटनला आता मॉस्कोलाही दुखवायचे नव्हते आणि पोलिश सैन्यालाही गमवायचे नव्हते. दूरच्या वसाहतीत, वृत्तपत्रांच्या नजरेपासून लांब ठेवलेले निर्वासित दोन्ही बाजूंना कमी खुपणार होते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली. एका दिवसात लंडनचे पोलिश सरकार कायद्याच्या लेखी कोणीच उरले नाही, मुंबईच्या वकिलातीचा आधार गेला, आणि वळिवड्यातली बायका-मुले ज्या राष्ट्राची होती त्याचे नाव तेच राहूनही त्यांचे प्रतिनिधी बदलले. नवे सरकार त्यांना परत बोलावत होते. बहुतेकांची गावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती आणि ज्यांनी सायबेरिया पाहिला होता त्यांना परत जायचे नव्हते. खर्चाची जबाबदारी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडे गेली. याच काळात जामसाहेबांनी, बालाचडी छावणीचे धर्मगुरू फ्रान्चिशेक प्लुता आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी यांच्यासह, पालक नसलेल्या मुलांना नवानगरच्या न्यायालयातून कायदेशीर दत्तक घेतले. त्या कागदाचा अर्थ मला फार मोठा वाटतो. सरकार नाहीसे झाल्यावर मुलांच्या पाठीशी उभे राहायला कोणीतरी कायद्याने ओळखलेले हवे होते. एका संस्थानिकाने आपल्या संस्थानाच्या न्यायासनाचा उपयोग त्यासाठी केला. म्हणजे मघाचा आक्षेप इथे उत्तराकडे वळतो. औदार्याने दार उघडले नाही, पण आत आलेल्यांना जबरदस्तीने बाहेर काढू दिले नाही.

बालाचडी १९४६ अखेरीस रिकामी झाली, तिथली बरीच मुले वळिवड्याला आली, आणि १९४८ पर्यंत वळिवडेही संपले. कोणी इंग्लंडला सैनिक-नातलगांकडे गेले, कोणी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, कोणी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला, काही पोलंडला परतले. त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित आले आणि त्या जागी गांधीनगर वसले. कापडाच्या घाऊक व्यापारासाठी आज ते सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला माहीत आहे.

नेमक्या याच महिन्यांत परंड्याच्या वेशीवर तोच प्रश्न नव्या रूपात आला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला. करार पाळायचा तर सरहद्द शांत हवी. आणि रझाकारांच्या जाचाने निजामी गावांतून माणसे बार्शी, सोलापूरकडे येत होती, तर सरहद्दीवरच्या छावण्यांतून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते आत जात होते. दिल्लीला आपल्या एजंट-जनरलमार्फत, कन्हैयालाल मुन्शींमार्फत, हैदराबादशी बोलणीही चालू ठेवायची होती आणि आर्थिक कोंडीही करायची होती. मालाची नाकी पुन्हा कडक झाली. माणसांना मात्र बार्शीच्या बाजूने कोणी परत पाठवले नाही, कारण इथे आश्रय देणाऱ्या सरकारला येणारे आपले वाटत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. सप्टेंबरच्या १३ ते १७ तारखांत पोलीस कारवाई होऊन ते प्रकरण संपले. पण त्यानंतर जे घडले तेही या हिशेबात धरले पाहिजे. चौकशीसाठी आलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हत्या व लुटालुटीने सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत धाराशिवचे नाव घेतले. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते आणि संस्थानातल्या मृतांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. त्यांच्या नावाने बोलणारा दरबार आधीच कोसळला होता. समितीचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आधी आलेल्यांसाठी दार उघडे राहिले ते न्याय्यच होते. पण मागून मेलेल्यांची नोंद दडपली गेली याचे कारण ‘देशांतर्गत बाब’ एवढेच देणे मला मान्य नाही.

युद्धकाळात घडवलेला परकीयांचा कायदा १९४६ मध्ये कायमचा झाला आणि स्वतंत्र भारताने तो तसाच चालवला, १९२० आणि १९३९ च्या कायद्यांसह. २०२५ मध्ये संसदेने हे सगळे कायदे रद्द करून एकच नवा कायदा केला. १९५१ च्या निर्वासितविषयक जागतिक करारावर भारताने सही केलेली नाही आणि आपल्या नव्या कायद्यातही निर्वासित असा वेगळा वर्ग नाही. तिबेटी असो की श्रीलंकेतला तमिळ, त्याला मिळणारी सवलत सरकारी आदेशाने मिळते, आणि तो आदेश शेजारी राष्ट्राशी आपले त्या वर्षी कसे जमते आहे हे पाहून निघतो.